ग्रासिएलाची मागची सीट

अमेरिकेच्या सीमेवरच्या एल पासो शहरातल्या आमच्या गल्लीतली ग्रासिएला हॉस्पिटलच्या चादरी धुऊन धुऊन थकली होती. या वेळी सीमेपलीकडे मेक्सिकोत आईच्या गावी एकटीनंच गाडीनं जायचं तिनं ठरवलं. वाटेत पाठ टेकायला मागची सीट रिकामी ठेवली.

बातमी फुटली आणि पलीकडच्या नातलगांना पोचवायची गल्लीतली गाठोडी तिच्या दारात आली. कुणाचे बूट, कुणाच्या मावशीचा मिक्सर. शेवटी चेला नावाची तिची नणंद भलामोठा कुकर घेऊन आली.

"एकटीच तर चाललीयस, वहिनी! मागं काय राणीसाहेब झोपणार आहेत?"

ग्रासिएलाच्या आईची औषधंही वर्षानुवर्षं अशीच कुणाकुणाच्या गाडीतून पोचत होती.

"ठेव बाई," ती म्हणाली.

मग ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली. सीट जराशी मागे रेलवायला गेली, तर सीटची पाठ मागच्या कुकरला अडली. ती तशीच ताठ बसून डोळे मिटून राहिली.