बेटावर फोन लावताना

आमच्या फॉर्मवर प्रत्येक प्रश्नापुढे तीनच चौकोन: हो, नाही, माहीत नाही. पण माणसं चौकोनात मावेल एवढंच कुठे बोलतात? उरलेलं आपल्याकडेच राहतं. माझ्याकडे तर आता ढीग झालाय.

मी मूळची सांगलीची. चंदीगडला सेक्टर सतरामधल्या एका छोट्याशा सर्व्हे ऑफिसात मी आणि बलविंदरजी समोरासमोर बसतो. काम एवढंच, समुद्रातल्या एका लांबच्या बेटावरच्या सरकारी लोकांना फोन करून विचारायचं, संकट आलं तर तुमची तयारी काय? काही वर्षांपूर्वी तिथे समुद्र गावात शिरला होता. बोलणं सगळं हिंदीत चालतं, तुम्हाला मराठीत सांगते.

*

माझा पहिलाच फोन तहसीलदारसाहेबांना.

"रेस्क्यू बोट आहे?"

"आहे ना! एकदम नवी. मुख्य बंदरावर असते. इथली जेट्टी मोडलीय, ठेवणार कुठे?"

"मग वादळ आलं तर?"

"फोन करायचा. बोट लगेच निघते."

"लगेच म्हणजे?"

"समुद्र शांत झाला की लगेच!"

मला हसू फुटलं. ते मात्र हसले नाहीत.

*

बलविंदरजींच्या वाट्याला चौकीतले हवालदार आले. सायरन आहे? आहे. चालतो? चालतो. मग दर महिन्याला टेस्ट का नाही करत?

"एकदा केली जी. आदल्या दिवशी घरोघर सांगितलं होतं, उद्याचा सायरन खोटा आहे. तरी अख्खं गाव टेकडीवर पळालं! संध्याकाळपर्यंत समजावून सगळ्यांना खाली आणलं. एक बाई काही केल्या येईना. तीन दिवस वरच बसून होती."

"फिर?"

"फिर क्या. माझीच बायको ती. पुन्हा नाही वाजवला."

बलविंदरजींनी त्या दिवशी डबा उघडला नाही.

*

शाळेचे हेडमास्तर मोठे उत्साही. पक्की इमारत, उंचावर, वर पाण्याची टाकी!

"सगळं गाव मावेल?" मी विचारलं.

"सगळं! फक्त तीसेक माणसं बाहेर राहतील."

"ती कोण?"

"आम्ही. सरकारी लोक आणि आमच्या घरचे."

"असा नियम आहे का, सर?"

"नियम कशाला हवा, मॅडम? जागा नाहीये ना!"

*

मग एकदा आमच्यावरच वेळ आली. सीमेवर तणाव होता तेव्हाची गोष्ट. सकाळी चंदीगडात सायरन वाजला. आम्ही एरोसिटीत राहतो, विमानतळ अगदी जवळ. नवरा पुण्याला गेलेला. माझ्या लेकीला, माहीला, मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीतच. म्हणाली, "मम्मा, हम कहाँ जाएँगे?"

दिवसभर हेच तर मी लोकांना विचारते! मी तिला घेऊन जिन्याखाली बसले. तेवढ्यात मोबाइल वाजला. तहसीलदारसाहेब!

"टीव्हीवर बघितलं. मॅडम, जवळचा शेल्टर कुठे आहे, ठाऊक आहे?"

"माहीत नाही."

"टॉर्च?"

"आहे. सेल नाहीत," मी म्हणाले आणि मला रडूच आलं.

"रडू नका. मी 'माहीत नाही'वर टिक करतो."

सायरन थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. माहीला बेटावरच्या खेकड्यांच्या गमती सांगत राहिले.

*

आणि एक डॅनियल. पंचायतीचा शिपाई. बेटावर नेटवर्क धड नाही, म्हणून वादळाचा इशारा आला की हा घरोघर चालत जातो. शांत माणूस, तोलून बोलणारा.

"पहिल्यांदा कुठल्या घरी जाता?"

"टेकडीवर, मॅडम. एक म्हातारी आहे. एकटी असते."

"टेकडीवर? तिथे पाणी पोचतं?"

"नाही. कधीच नाही."

"मग खालची घरं सोडून आधी तिच्याकडे का? तुमच्या नात्यातली आहे का?"

"नाही."

लाइन कट झाली असं वाटून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे, मॅडम. ती आधी खालीच राहायची, किनाऱ्याला. मागच्या वेळी, समुद्र गावात शिरला तेव्हा, तिच्या घरी मी सगळ्यात शेवटी गेलो. सात माणसं होती घरात."

मी फॉर्मवर चौकोन शोधत राहिले.

"पुढचा प्रश्न विचारा, मॅडम," डॅनियल म्हणाला.