न चाखलेली भाजी

देवापुढे ठेवलेल्या वाटीतून दुधीच्या भाजीची वाफ निघत होती. मी ताटाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, हात जोडले. आजचं अन्न मिळालं, एवढंच मनाशी म्हणायचं असतं त्या क्षणी. मग तेच ताट घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटाच बसलो. पहिला घास घेतला आणि लक्षात आलं, भाजीत मीठ घालायलाच विसरलो होतो.

नैवेद्य दाखवण्याआधी काही चाखायचं नाही, ही माझ्या बायकोची रीत. त्यामुळे कधीमधी तिचाही अंदाज चुकायचा.

"आज मीठ कमी पडलंय," मी लगेच म्हणायचो.

"देवाच्या आधी कशी चाखणार हो? वरून घ्या थोडं," असं म्हणत ती मिठाची बरणी पुढे सरकवायची.

ती जाऊन दोन वर्षं झाली. आता स्वयंपाक मी करतो, रीतही मीच पाळतो. चाळीस वर्षं या अन्नासाठी मी देवाचे आभार मानले. जिनं ते शिजवलं, तिच्याशी मात्र मीठ कमी पडलं त्याच दिवशी बोललो. एरवी, म्हणजे जवळजवळ रोजच, सगळं नीट असायचं आणि मी गुपचूप जेवून उठायचो.

आज बरणी हाताशीच होती. मी वरून मीठ घेतलं नाही. अळणी भाजी शेवटच्या घासापर्यंत संपवली. उठताना तोंडून निघून गेलं, "स्वयंपाक छान व्हायचा गं तुझा."

ऐकायला घरात देव तेवढा होता.