आत्याच्या फायलींचं स्थलांतर

आत्यानं लग्न केलं नाही, स्टुडिओ केला, असं आमच्या घरात गमतीनं म्हणत. गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून तिनं तो उभा केला आणि गावातले गाणारे-वाजवणारे तिच्याकडे रेकॉर्डिंगला येऊ लागले. पुढे गर्दी ओसरली, स्टुडिओ बंद झाला. आवाज तेवढे तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये राहिले.

गेल्या वर्षी नवा कॉम्प्युटर आणला, तर तो त्या फायली उघडेचना. तिनं तेव्हा निवडलेला फॉरमॅट आता कुणी वापरत नव्हतं. मी म्हटलं, सगळ्याचं एमपीथ्री करून टाकू, आवाज जरासा छाटला जाईल, पण जागाही कमी लागेल.

"साय काढलेलं दूध मी कुणाच्या पुढ्यात ठेवत नाही," आत्या म्हणाली.

मग जुना कॉम्प्युटर पुन्हा जोडला आणि तिनं एकेक फाइल फ्लॅक नावाच्या फॉरमॅटमध्ये बदलायला घेतली. फ्लॅकमध्ये आवाजाचा कणही गळत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती खात्री करायचीच. जुन्या आवाजाची लाट उलटी करून नव्यावर ठेवायची. दोन्ही लाटा तंतोतंत सारख्या असतील तर एकमेकींना पुसून टाकतात, काहीच ऐकू येत नाही. हेडफोन लावून आत्या ती शांतता शेवटपर्यंत ऐकायची.

अशात मास्तरांची फाइल आली. मास्तर तिचे जुने स्नेही, व्हायोलिन शिकवायचे. हात थरथरू लागले तसं त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं, आमच्याकडे येणंही सोडलं. फाइलीच्या सुरुवातीला दोघांचा वाद होता, तार उतरली आहे की नाही यावरून. मास्तर 'नाही उतरली' म्हणून हट्टाला पेटलेले, आत्या हसतेय, आणि एकदम वादन सुरू. वाद कापून टाका, असं मास्तरांनी तेव्हा बजावलं होतं. आत्यानं त्यांच्या प्रतीतून कापला, स्वतःकडे ठेवला.

तिनं फोन केला. त्यांनी टाळलं. पुन्हा करून ती एवढंच म्हणाली, की वाजवायला नको, ऐकायला या.

दुपारी ते आले, हात मांडीखाली दाबून बसले. वाद ऐकून ओशाळले. वादन सुरू झालं तसे डोळे मिटले. संपल्यावर त्यांनी ते उघडले.

"उतरलीच होती हो," मास्तर म्हणाले.

आता ते दर आठवड्याला येतात. नाव नसलेल्या फायली बदलून झाल्या की नुसत्या आवाजावरून वाजवणारा ओळखतात, आत्या नाव टाइप करते. काल एका फाइलीत त्यांची एक जुनी विद्यार्थिनी वाजवताना मध्येच चुकली. मास्तरांनी थरथरता हात उचलून तिला थांबवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायला सांगितलं.