तिसऱ्या ठोक्यानंतर

काकूंचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत पाण्याची पातळी मोजणारी उपकरणे तपासत होते. "हे गेले गं पहाटे... झोपेतच," एवढेच त्या म्हणाल्या. मी किती वाजता ते विचारले आणि सवयीने उत्तर वहीत टिपले. ती नोंद पुढे लागणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

श्रीधरकाका हे माझ्या वडिलांचे मित्र. मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये मोटारींच्या ब्रेकवर आयुष्य घालवलेले इंजिनिअर, मूळचे भंडाऱ्याचे, तलावांच्या मुलखातले. निवृत्तीनंतर मासे पकडायला मिशिगनच्या उत्तर टोकाला गेले असताना एका तळ्यात त्यांना उभे धान दिसले, आणि ते तिथलेच होऊन गेले. तिथले मूळनिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या होडीतून गोळा करतात तो हा रानतांदूळ. "आपल्या तलावांत आपोआप उगवणाऱ्या देवधानाचा भाऊच आहे," काका म्हणत. त्या तळ्याची त्यांच्यातली जाणती बाई मार्था. दाणा कधी पिकला, तळे कधी उघडायचे, हे ती ठरवते. तिने सांगेपर्यंत त्यात कोणी होडी घालत नाही. तळ्याचे नाव मी लिहीत नाही, कारण ती तिची अट आहे.

एका काठीने धानाची ताटे होडीवर वाकवायची आणि दुसरीने हलके ठोकायचे, अशी ही कापणी. थोडे दाणे होडीत पडतात, बरेच पाण्यात. पहिल्याच वर्षी काकांनी ही गळती मोजली. हिवाळाभर गॅरेजमध्ये खपून त्यांनी होडीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या जाळ्या तयार केल्या. एकही दाणा वाया जाणार नव्हता. मार्था त्या जाळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिली. "छान आहेत," ती म्हणाली. "आणि तळ्याने पुढच्या वर्षी काय पेरायचं, इंजिनिअर?" ही गोष्ट काका स्वतःच सांगून हसत. त्या जाळ्यांवर पुढे काकूंनी कारल्याचे वेल चढवले.

तांदूळ भाजून विकण्यावर मार्थाची आणि आणखी काही कुटुंबे वर्ष काढत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रोपाची पाने पाण्यावर तरंगत असतात, आणि नेमके तेव्हाच तळ्याच्या मुखाशी असलेल्या बंधाऱ्याचे चालक पातळी वाढवत. रोपे मुळांसकट उपटली जात. शेवटी मार्थाने तळे कापणीसाठी बंद केले. काका खुणांच्या खांबावर रोजची पातळी मोजत राहिले. चालकांना पटवण्यासाठी शास्त्रीय अहवाल हवा होता आणि तो मी लिहिणार होते. त्यासाठी दोन हंगामांच्या नोंदी पुरेशा होत्या. माझ्या शोधनिबंधासाठी मात्र मला तिसरा हंगाम हवा होता.

"काहून थांबवून राहिली तू, डॉक्टर?"

"काका, प्लीज, वन मोर सीझन. डेटा सॉलिड होईल."

"डेटा होईल सॉलिड. धान बुडून राहिलं ना, बाई..."

मी तिसऱ्या हंगामासाठी थांबले. त्या उन्हाळ्यातही धान बुडाले. अहवाल पुढच्या वसंतात गेला, चालकांनी पाणी खाली ठेवले, आणि चिखलात वर्षानुवर्षे पडून राहिलेले बी यंदा उगवले. जुलैमध्ये काकांनी ते हिरवे धान काठावरून पाहिले. "पिकलं की पहिला ठोका माझा," ते म्हणाले. ऑगस्टच्या सुरुवातीला ते गेले. दाणा पिकायला तीन आठवडे उरले होते. मी लांबवलेल्या एका हंगामाचा अर्थ इतका साधा होता.

पक्ष्यांच्या नोंदीसाठी तळ्याच्या काठावर मी एक ध्वनिमुद्रक लावला होता. तो रोज पहाटे तासभर आपोआप चालतो. महिन्याच्या मध्यावर त्याचे कार्ड आणून मी एकेक दिवस ऐकू लागले. काका गेले त्या पहाटे, वहीतल्या वेळेनंतर काही मिनिटांनी, पाण्यावरून ठोके ऐकू येतात. लाकडाचे, ताटांवर पडणारे. तीन ठोके, मग श्वासभर थांबा, पुन्हा तीन. काकांचा उजवा खांदा आखडलेला होता. दर तिसऱ्या ठोक्यानंतर ते असेच थांबत. मी सुतारपक्षी तपासला, पाण्यावर शेपटी आपटणारा बीव्हर तपासला. वारा नव्हता, त्यामुळे सुटलेली होडीही नव्हे. शेजारच्या तळ्यावर पूर्वी त्यांचे ठोके मी मुद्रित केले होते. दोन्हींमधली अंतरे मोजली; ती जुळली. मग तक्त्यात 'स्रोत अज्ञात' असे लिहिले आणि बराच वेळ हेडफोन काढला नाही.

मार्थाला ऐकवले तेव्हा ती पुढ्यातला, शेजारच्या तळ्यावरचा जुना तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. "दाणा हिरवा आहे अजून," ती म्हणाली. "मी तळं उघडलेलं नाही म्हणून सांग त्याला. इतकी वर्षं शिकवलं, तरी घाई आहेच."

तळे उघडले त्या सकाळी मी तिच्या होडीत होते. काकूंनी काकांच्या देवदारी काठ्या माझ्याकडे दिल्या होत्या, "तिकडच्या आहेत, तिकडे ने" म्हणून. मार्था मागे उभी राहून बांबूसारख्या लांब काठीने होडी रेटत होती. मी ताटे वाकवली आणि ठोकू लागले. दाणे होडीत पडले, पाण्यात पडले. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले, की मी दर तिसऱ्या ठोक्यानंतर थांबते आहे. माझा खांदा निरोगी आहे. मी न थांबता ठोकण्याचा प्रयत्न केला... जमले नाही. प्रत्येक थांब्याला मार्थाही होडी थांबवत होती.

काठ्या आता माझ्या कार्यालयात, टेबलाशेजारी टेकून उभ्या आहेत. दुसऱ्या एका तळ्याचा अहवाल मी परवा दोनच हंगामांच्या नोंदींवर सही करून पाठवला. पहाटे आपोआप चालणारा तो ध्वनिमुद्रक मात्र त्या खोलीत ठेवत नाही.