मास्तरांची सुट्टी

आमचे हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. बावीस वर्षं झाली. अर्ध्या गावाला यांनीच गाडी शिकवली असेल. रस्त्यात भेटलेलं कुणीही यांना मास्तर म्हणतं, आणि "मास्तरांसारखा शांत माणूस बघितला नाही," असं मला आजवर निदान पन्नास जणांनी तरी ऐकवलंय. मी नुसती हसते. काय बोलणार? या लोकांना सोमवार ते शनिवारचे मास्तर माहीत आहेत. रविवारचे माझ्या वाट्याला येतात.

सहा दिवस हे शिकणाऱ्याच्या शेजारी बसतात, पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकणारा ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतो, गाडी फुटपाथवर चढवतो, एक बाई तर भर चौकात स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी डोळे झाकून बसली. हे ब्र काढत नाहीत. ब्रेक दाबतात आणि म्हणतात, "हरकत नाही, पुन्हा एकदा." रविवारी मात्र रस्त्यावर आलेला प्रत्येक माणूस यांचा वैरी. कुणी इंडिकेटर न देता वळला, कुणी वाकडी गाडी लावली, की यांचा पारा चढलाच. नुसतं गाडीत बसून चरफडणं नाही हो. उतरायचं, त्याच्या काचेपाशी जायचं आणि त्याची शाळा घ्यायची. बाबांची सुट्टी म्हणजे गावाला शिक्षा, असं आमची मुलगी म्हणते.

मीही वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं असतं. पण यंदा मला गाडी शिकायची होती, आणि हौस म्हणून नव्हे.

मी इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात आहे. नऊ वर्षं तळघरातल्या एका खोलीत काढली, जिला खिडकी नाही. बाहेर ऊन आहे की पाऊस, ते येणाऱ्या पेशंटच्या चपलांवरून कळतं. या वर्षी घरोघरी जाऊन रक्त घेण्याची एक जागा निघाली. गाडी इस्पितळाची, लायसन्स आपलं. आमच्या विभागाच्या साहेबीण बाईंनी माझं नाव लिहून घेतलं आणि महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. दोनदा मी परीक्षेत नापास झाले, दोन्ही वेळा चढावर गाडी बंद पडली. तिसरी परीक्षा गुरुवारी होती. तिच्यातही नापास झाले असते तर जागा दुसरीला आणि मी परत तळघरात, बहुतेक रिटायर होईपर्यंत.

यांच्या स्कूलमध्ये नाव घालते म्हटलं तर हे म्हणाले, "घरचा मास्तर असताना तिथे कशाला? लोक हसतील." म्हणून मग दर रविवारी सकाळी एक तास, आमच्याच गाडीवर. हा एक तास मी आठवडाभर राखून ठेवायची. घरातलं सगळं शनिवारीच उरकायची.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी सात वाजता खाली उतरलो, तर आमच्या फाटकाला आडवी एक पांढरी गाडी. मालक समोरच्या इमारतीत बहिणीकडे आलेला. वरून हात केला, "दोन मिनिटांत आलो." वीस मिनिटांनी आला, तेही कप हातात घेऊन, चहा पीत. त्यानंतरची दहा मिनिटं यांनी त्याला फाटक म्हणजे काय ते समजावलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, आता काढतोय ना?" यांना काका म्हटल्याचा राग वेगळाच.

निघालो. मी चालवत होते, शिकाऊची 'एल' पाटी लावलेली होती, वेग बेताचा. मागून एका मोठ्या गाडीवाल्याने हॉर्नवर हातच ठेवला आणि चुकीच्या बाजूने काढून पुढे गेला. मी म्हटलं, जाऊ द्या. हे म्हणाले, "जाऊ द्या काय? घे त्याच्या मागे." तीन चौक मी त्याचा पाठलाग केला, घाम फुटला नुसता. तो पेट्रोल पंपावर थांबला तेव्हा हे उतरून गेले. काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "अरे, मास्तर! ओळखलंत का? तुम्हीच शिकवलंत मला." यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसू आलं असतं, पण घड्याळात पावणेआठ झाले होते.

आता तरी चढावर जाऊ म्हटलं. वाटेत सिग्नल लागला. शेजारच्या गाडीतली बाई मोबाइलवर बोलत होती. मी यांच्याकडे बघितलंच नाही, पण दार उघडल्याचं ऐकू आलं. हे तिच्या काचेवर टकटक करत असताना सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न सुरू केले. मी क्लच सोडला, गाडी बंद पडली. परत सुरू केली, परत बंद. तिसऱ्यांदाही तेच. मागचा एक माणूस उतरून आला, वाकून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, येत नाही तर घरी बसावं की माणसानं." तेवढ्यात हे परत आले आणि म्हणाले, "अगं, बाजूला तरी घ्यायचीस! एवढी अक्कल नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या माणसाचा मला इतका राग आला नव्हता. मी उतरले, फेरा घालून पलीकडे जाऊन बसले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "पण त्यांची चूक होती की नाही?"

"होती. सगळ्यांची होती. माझा तास मात्र गेला. नीट चालवलीच कुठे मी आज?"

"बरं, पुढच्या रविवारी बघू."

"परीक्षा गुरुवारी आहे."

हे विसरले होते. आपण कुणाला काय सांगतोय, असं वाटलं मला, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने.

दुपारी मी यांच्या स्कूलमध्ये बुकिंग घेणाऱ्या मुलीला फोन केला. साडेसहाच्या बॅचमधला एक जण परगावी गेला होता. "तीन दिवस लिही माझं नाव," म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

सोमवारी सकाळी हे लवकर निघून गेले, मागून मी. स्कूलच्या दारात मला बघून यांनी विचारलं, "काय गं, घरी काही झालं का?" मी पावती पुढे केली. गाडीत मागच्या सीटवर दोन कॉलेजातली पोरं आपली पाळी यायची वाट बघत बसली होती, त्यांच्यासमोर काय बोलणार? यांनी पावती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "बसा."

लग्नाला सतरा वर्षं झाली. मी यांना तुम्ही म्हणते, हे मला तू म्हणतात. कुणालाच त्यात काही वावगं वाटलेलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा यांनी मला तुम्ही म्हटलं.

"सीट थोडी पुढे घ्या. हां. आरसा बघा. घाई नाही." चढावर गाडी बंद पडली. मी मान खाली घालून, हे माझी अक्कल कधी काढतात याची वाट बघत राहिले. "हरकत नाही," हे म्हणाले, "हँडब्रेक लावा, श्वास घ्या. आता क्लच हळू सोडा, गाडी थोडी थरथरेल, तिथे थांबा." थरथरली. थांबले. गाडी चढ चढली. मागून कुणीतरी भोंगा वाजवत होतं, यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. "छान जमलं तुम्हाला," म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. हा माणूस होता तर, सहा दिवस गावभर वाटून संपत होता.

उतरल्यावर पोरं पुढे गेली तेव्हा मी हळूच म्हटलं, "घरी का नाही हो बोलत असं?"

यांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "घरी मला सुट्टी असते गं."

खोटं बोलले असते तर भांडता तरी आलं असतं.

मंगळवारी गेले, बुधवारी गेले. गुरुवारी चढावर गाडी एकदाही बंद पडली नाही. पास झाले. शुक्रवारी साहेबीण बाईंच्या टेबलावर पास झाल्याचा कागद ठेवला.

रविवारी सकाळी हे सात वाजता तयार होऊन दारात उभे. "चल, जरा सराव करू. नवीन आहेस, मी बसतो शेजारी."

मी यांच्या हातातून किल्ली घेतली. "नको. तुमची सुट्टी आहे, तुम्ही पडा घरी," म्हटलं, "मलाही एक हवीय."