आत्याच्या कानामागचं बोट

मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. एखादी गोष्ट पुन्हा करून तशीच घडली तरच ती खरी मानायची, ही सवय. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जातो. तरी हे लिहितोय, कारण आत्याबद्दल कुणीतरी लिहायलाच हवं...

तीन वर्षांपूर्वीची, २००७ सालची गोष्ट. माझी सख्खी हौसाआत्या मुळशी तालुक्यातल्या माले गावात राहते. मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ती आणि गोठ्यात दोन म्हशी. तिच्या मानेवर उजवीकडे एक लालसर चट्टा होता, काही केल्या भरत नव्हता. मी तिला पुण्याला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तुकडा तपासला. त्वचेचा कॅन्सर निघाला, पण वरच्या थरातला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "कापून काढता येईल. किंवा मलम आहे. आठवड्यातून पाच दिवस, असं दीड महिना. जागा लाल होईल, खपल्या धरतील, दुखेल."

"पक्कं कोन्तं?" आत्यानं विचारलं.

"कापणं जास्त पक्कं. मलमानं गेला तरी तपासायला येत राहावं लागेल."

"यीन की. मलमच द्या." मग तिनं डाव्या कानामागं बोट ठेवलं. "आन् हितं बी बघा."

तिथं काहीच नव्हतं. मीही वाकून पाहिलं — स्वच्छ कातडी. खाज नाही, दुखणं नाही.

"मग कशावरून म्हणताय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पंधरा दिस झालं. दुपारी म्हशींना पाणी दावलं की कुनीतरी हितं बोट टेकवतंय. थंड, वलं. माजी आय काजळाची तीट लावायची, तसं. वळून बघावं तर कोन न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सॉरी मॅडम, वय झालंय तिचं..."

आत्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. "तुमी बघा," एवढंच डॉक्टरबाईंना म्हणाली आणि बसून राहिली. बाहेर पेशंट ताटकळलेले. शेवटी बाईंनी भिंग घेतलं... बराच वेळ पाहिलं. तिथलाही तुकडा घेतला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला — तोच आजार, नुसती सुरुवात.

दीड महिना दोन्ही जागी मलम. तिसऱ्या आठवड्यात मान भाजल्यासारखी दिसायची, पदर लागला तरी कळ यायची. तिनं एक दिवस चुकवला नाही. त्यातच भावकीत लग्न होतं. मांडवात बायका कुजबुजायला लागल्या, तेव्हा हिनं पदर बाजूला केला. "क्यान्सर हाय. मलमानं जळतोय. कुनाला लागत न्हाई, बसा."

मी शेजारीच होतो. माझ्या स्वतःच्या लग्नातही मी इतक्या ताठ मानेनं बसलो नव्हतो.

दोन्ही जागा भरल्या. तीन वर्षं झाली, प्रत्येक तपासणी स्वच्छ. ते बोट? "तुकडा घेतला त्या दिसापासनं आलं न्हाई," म्हणते.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एखादी नस चाळवली असेल. असेलही. पण मग मोठ्या चट्ट्यावर ते बोट एकदाही का टेकलं नाही? आणि दिसायच्या आधी नेमकी तीच जागा...?

मागच्या महिन्यात आत्या मालेतल्या दोघी बायकांना एसटीनं पुण्याला घेऊन गेली, त्यांचे चट्टे दाखवायला. मला नंतर कळलं. "सांगायचंस तरी, मी सुट्टी काढली असती," मी म्हणालो.

"तुजं काय काम व्हतं तितं?" ती म्हणाली.