घोड्यावर सेफ्टी शूज

अंबडच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना ‘नको’ म्हणायचा मला पगार मिळतो. चष्मा न लावता ग्राइंडरपाशी नको, सैल बाह्या नको, हातात अंगठी नको. मी येताना दिसलो की कामगार आपापली बटणं चाचपतात आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं.

हा स्वभाव संध्याकाळी कंपनीत ठेवून घरी येण्याची सोय नाही. माझी मुलगी नववीत आहे. ती गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानावर घोडेस्वारी शिकत होती. दिवाळीच्या आधी ती घोड्यावरून पडली. मनगट सुजलं, बाकी काही नाही. मी कठड्यापाशीच उभा होतो. धावत जाऊन तिला उचललं, गाडीत घातलं आणि गाडी फाटकाबाहेर पडायच्या आत जाहीर करून टाकलं की हे आता बंद. मनगट आठवडाभरात बरं झालं. आमच्यातलं बोलणं मात्र ‘भाजी वाढू का’ आणि ‘नको’ एवढ्यावर येऊन थांबलं.

शेवटी तिच्या आईने तोडगा काढला. “तुम्ही स्वतः शिका. मग सांगा धोका आहे की नाही ते. तुम्ही म्हणाल ते ती ऐकेल.” मुलीने मान डोलावली. म्हणजे पोरीची घोडेस्वारी आता माझ्या बुडावर अवलंबून होती आणि त्या बुडाने आयुष्यात ऑफिसच्या खुर्चीपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं.

पहिल्या रविवारी मी जीन्स घालून गेलो. सिनेमात सगळे जीन्स घालूनच घोडे पळवतात. सोमवारी ते कामावर कसे जातात हे मात्र दाखवत नाहीत. जीन्सची आतली जाड शिवण तासभर मांडीला घासत राहिली. दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या मीटिंगमध्ये मी शेवटपर्यंत उभ्यानेच बोललो. लोकांना वाटलं विषय फार गंभीर आहे.

मग ब्रीचेस मागवली. ही पॅन्ट पायाला घट्ट बसते, मांडीच्या आत टोचणारी शिवण नसते, गुडघ्याशी वेगळं कापड लावलेलं असतं म्हणजे खोगिरावर पाय घसरत नाही. सगळं कसं शास्त्रशुद्ध. फक्त ती बेतणाऱ्याने पोट नावाची गोष्ट हिशोबात धरलेली नव्हती. श्वास ओढून बटण लावलं आणि आरशात बघितलं. वर मी होतो आणि खाली बगळ्याचे पाय होते. बायकोने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, “चांगली आहे. फक्त ही घालून खाली दूध आणायला जाऊ नका.”

अब्रू झाकायला मी वरून लांब शर्ट सोडला, तर शिकवणारे सर म्हणाले, “शर्ट आत घ्या, खोगिरात अडकेल.” हे सर सैन्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. मी डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट चढवून जायचो, ते तर त्यांनी दुसऱ्याच रविवारी काढायला लावलं. त्या हेल्मेटात मला काही ऐकूच येत नव्हतं. ते ‘थांबा, थांबा’ ओरडत होते आणि मी मान डोलावत पुढे चाललो होतो. मग मी घोडेस्वारीचं हलकं हेल्मेट घेतलं.

एवढं सगळं ऐकलं, पण बुटांचं काही ऐकलं नाही.

सर म्हणायचे, सोल गुळगुळीत हवा, टाच थोडी हवी, रिकिबीतून, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पायकडीतून, पाय पटकन सुटला पाहिजे. मी कंपनीतले सेफ्टी शूज घालायचो. पुढे लोखंडी टोपी, खाली ट्रॅक्टरच्या टायरसारखा जाड सोल. “घोड्याने पायावर पाय दिला तर?” मी विचारलं. “पाय बाजूला घ्यायचा,” सर म्हणाले. हे काय उत्तर झालं? मुलगी दर रविवारी माझ्याबरोबर यायची आणि कठड्यापाशी गप्प बसून राहायची. एकदा तीही म्हणाली, “पप्पा, हे बूट रिकिबीत अडकतील.” कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच सलग एवढं बोलली होती. मी काय केलं? तुझं जेवढं वय नाही तेवढी वर्षं मी सेफ्टी शूज निवडतोय, असं तिला ऐकवलं.

त्यानंतरच्या रविवारी शेजारच्या द्राक्षबागेत कुणीतरी फवारणीचा ट्रॅक्टर चालू केला. घोडा दचकून बाजूला सरकला. मी सरकलो नाही, सरळ खाली आलो. पाठ वाळूत टेकली आणि डावा पाय वर रिकिबीत अडकलेला. सोल इतका पक्का रुतला होता की हलेना. घोडा शहाणा म्हणून जागच्या जागी उभा राहिला, नाहीतर त्याने मला वाळूतून फरफटत नेलं असतं. सरांनी लगाम धरला. मुलगी धावत आली, तिने बुटाची नाडी सोडली आणि माझा पाय बाहेर ओढला. बूट वर रिकिबीतच राहिला.

पडल्या पडल्या माझ्या मनात काय आलं असेल? जिंकलो. घोडेस्वारीत धोका आहे हे आता कुणाला समजावायची गरजच नव्हती.  ‘माझं बंद करू नका’ म्हणून पोर आता गयावया करेल असं मला वाटलं.

ती म्हणाली, “पप्पा, उठा. दुसरे बूट घाला आणि परत बसा.”

“आज नको गं.”

“आत्ताच बसा. नाहीतर मग बसवत नाही.” ती रिकिबीतला बूट ओढून काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती. “तेव्हा मलाही लगेच परत बसायचं होतं. तुम्ही उचलून गाडीत घातलंत. आता घोड्याजवळ गेलं तरी मी मागे सरते. तुम्ही हो म्हणालात तरी मला जमेल की नाही, माहीत नाही.”

मला वाटत होतं ती कठड्यापाशी बसून माझ्या परवानगीची वाट बघतेय. ती तिथे बसून आपल्या भीतीशी झगडत होती आणि तिला तडक घरी नेऊन ती भीती मीच दिली होती. मला रडू आलं. तोंड झाकणारं ते स्कूटरचं हेल्मेट आज असायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

मी उठलो. सरांनी त्यांचे बूट काढून दिले. ते घालून, कंबर धरून, मी रिंगणाची एक फेरी मारली. माझा जीव मुठीत होता. फेरी पुरी झाल्यावर उतरलो, सरांचे बूट परत केले आणि माझं हेल्मेट मुलीच्या डोक्यावर ठेवून पट्टा आवळला.

तिने स्वतःकडे पाहिलं. अंगात ढगळ पलाझो, पायात चपला. “अशा कपड्यांत?”

अशा कपड्यांत कुणी बसू नये, हे आता मला चांगलंच ठाऊक होतं.

“आज चालेल,” मी म्हणालो.

तिने चपला काढल्या. सरांनी घोडा धरला आणि ती चढली. पाय रिकिबीबाहेर मोकळे सोडून तिने आयाळ दोन्ही हातांनी घट्ट पकडली, डोळे क्षणभर मिटले आणि उघडले. घोडा चालू लागला आणि मी त्याच्या खुरांना लागून, नुसत्या मोज्यांवर, वाळूतून तिच्याबरोबर चालत राहिलो.